दादाच्या हातातला रिमोट

माझ्या दादाने लहानपणी मला फसवलं, आणि मी त्याला कधी माफ केलं नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. तरी सुरुवात इथूनच करते. गोड गोड लिहायला मला जमत नाही.

हरेश दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. अर्नाळ्याला आमची होडी. शाळा अर्धवट सोडून तो बाबांबरोबर समुद्रात जायला लागला.

मलाही न्या म्हणून मी रोज भोकाड पसरायचे. पण आमच्यात बायकांना मासेमारीला होडीत नेत नाहीत. बायकांनी मासळी विकायची. विषय संपला.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की दादा घरी. एका वर्षी त्याने विरारच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेटवर लिहिलेलं, नव्याण्णव गेम.

मी एकेक लावून बघितला. सात निघाले. तेच सात परत परत.
तेव्हा मी दुसरीत होते. म्हणजे माझा स्वभाव जुनाच आहे.

त्यात एक होडीचा गेम होता. खडक चुकवत होडी बंदराला लावायची. स्क्रीनवर होडी एक, आणि आमच्या हातात रिमोट दोन.

दादा म्हणायचा, "तू तांडेल, मी खलाशी. होडी तू चालव, मी मदतीला हाय."

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. आणि ती मी? दुसरीतली पोरगी?

मला लगेच डाउट आला. माझा रिमोट नक्की बंद आहे. होडी हाच चालवतोय आणि मला खेळवतोय. कारण तो पण धडाधड बटणं दाबायचा, वळण आलं की अंगासकट वाकायचा.

"रिमोट बदल," मी म्हणायचे.
"तांडेल बदलत नाय," तो म्हणायचा.

संशय येणार नाही तर काय होणार?

एकदा मी मुद्दाम बटणं सोडून दिली. होडी खडकावर आपटली.
"तू सोडलंस म्हनून आपटली," दादा म्हणाला.
मला वाटलं, यानेच आपटवली. मला पटवायला.

एका दुपारी होडी बंदराला लागली. दादा धावत बाहेर गेला आणि आळीभर सांगत सुटला, "माझ्या बहिनीनं होडी बंदराला लावली!"
सगळे हसले. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. माझी टर उडवली म्हणून.

पुढेही तेच.

स्कूटर शिकवताना म्हणाला, "मी कधीच सोडलंय, तू एकटीच चालवतेस." खोटं बोलतोय म्हणून मी मागे वळून बघितलं आणि गटारात गेले.

बारावीनंतर म्हणाला, "बीएस्सी कर, तुला जमेल." मला वाटलं, याला घर एकट्याला हवंय, म्हणून मला बाहेर काढतोय. हे मी त्याच्या तोंडावर बोलले. तरी तो जाऊन फी भरून आला.

आज मी वसई ईस्टला औषधांच्या कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. संशय घ्यायचाच पगार मिळतो मला.

गेल्या रविवारी वर्षश्राद्धाला घरी गेले होते. पाहुणे गेल्यावर रेखावहिनीने माळ्यावरून एक खोका काढला. आत तोच गेम. तिने टीव्हीवाल्याकडून नवी वायरपण लावून घेतली होती.

मला त्यातही शंका. एवढी तयारी कशाला?

माझा रिमोट मी लगेच ओळखला. कोपऱ्यावर माझ्या दातांचे व्रण होते. दुसरा वहिनीच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता बघा, होडी तुमच्याकडून चालेल."

होडी माझ्याकडून चालली.

वहिनी सगळी बटणं दाबत होती. काही म्हणजे काही होत नव्हतं.

म्हटलं, तिचा रिमोट इतक्या वर्षांत खराब झाला असेल. म्हणून दोघांचा गेम लावला, रणगाड्यांचा. त्यात तिचा रिमोट मस्त चालला, तिने मला दोनदा हरवलं. परत होडीचा लावला. परत बंद. रिमोटच्या वायरींची अदलाबदल झाली असेल म्हणावं, तर त्या आतूनच पक्क्या जोडलेल्या.

तीन वेळा टेस्ट केली. रिझल्ट एकच.

होडीचा गेम एकट्याचाच होता. आणि तो एकटा मी होते.

दादा तासन् तास, घाम येईस्तोवर, बंद बटणं दाबत बसायचा.

शेवटची शंका काढली. "त्यालाही माहीत नसेल."

वहिनी म्हणाली, "म्हाईत होतं त्यांना. लग्न झालं तेव्हाच सांगितलेलं. बाबा तिला होडीत नेत न्हाईत, म्हनून घरात तांडेल केली, म्हनाले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना, ताई. दर वेळी सांगायचे. तुम्ही मानलं काय?"

मी गेम बंद केला आणि वहिनीसमोर ढसाढसा रडले. अख्ख्या वर्षात रडले नव्हते.

कारण मला त्याचा शेवटचा फोन आठवला.

आवाज खोल गेलेला होता. मी विचारलं, "काय झालं रे?"
"छातीत जरा जळजळतंय. ॲसिडिटी हाय. बरा हाय मी, तू कामावर जा."

मी काही विचारलं नाही. वहिनीला फोन केला नाही. डॉक्टरचं नाव काढलं नाही. बॅग उचलली आणि कामावर गेले. दुपारी कळलं, हार्ट अटॅक होता, दादा गेला.

आयुष्यभर तो खरं बोलला आणि मी मानलं नाही. एकदाच खोटं बोलला, ते मी मानलं.

दादा, तुझी बहीण तुला हात जोडते. माफ कर.