दादाच्या लिव्हरबद्दल, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी

माझा भाऊ दारू पिऊन मेला नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली. तिथेही एक पाहुणे हळूच विचारत होते, "घेत व्हता का थोडीफार?"

म्हणून लिहितेय.

प्रदीपदादाचं वाटूर फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मित्रांच्या पार्टीत हा फक्त शेव-चिवडा खायचा आणि नंतर एकेकाला गाडीवर घरी सोडायचा.

आधी त्याला कावीळ झाली. कोणीतरी गळ्यात काविळीची माळ घातली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, दादा परत दुकानात.

मग पोट फुगायला लागलं.

संभाजीनगरला डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं. "पिता का? खरं सांगा."

"बिलकुल न्हाई, साहेब."

ब्लड टेस्टमध्ये हिपॅटायटीस बी निघाला. आजचा नव्हे, बहुतेक जन्मापासूनचा. काही त्रास न देता आतल्या आत लिव्हर खात होता.

डॉक्टरांनी सगळ्या घराची टेस्ट करायला लावली. वहिनी निगेटिव्ह. तिला लगेच लस सुरू झाली.

आई पॉझिटिव्ह.

मी पॉझिटिव्ह. आणि मला तिसरा महिना.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर आई एवढंच म्हणाली, "म्हंजी माझ्याकडूनच गेलं का रे तुला?"

दादा पोट सावरत तिच्याजवळ बसला. "तुला तरी कुठं माहीत व्हतं, आई? तुला तुझ्या आईकडून आलं असंल. तवा कुठं व्हत्या टेस्टा?"

घरी आल्यावर आईने स्वतःचं ताट आणि पेला वेगळा काढला.

दादाने बघितलं. तिच्याच ताटात भाकरी कुस्करून जेवायला बसला.

"जेवल्यानं व्हत न्हाई हे. शिवल्यानं बी न्हाई. रक्तातून व्हतं. ब्लेड, सुई, ब्रश एकमेकाचं वापरायचं न्हाई. ताटानं काय केलंय तुझं?"

आई रडत रडत जेवली.

माझ्या बाळाची काळजी मात्र त्याला माझ्यापेक्षा जास्त. दर चेकअपला फोन. "गोळी चालू हाय ना? डिलिव्हरी मोठ्या दवाखान्यातच करायची. बाळाला जन्मल्या-जन्मल्या दोन इंजेक्शनं लागतेत. एक लसीचं, एक दुसरं. आधीच बोलून ठेव, ऐन टायमाला धावपळ नको."

डिलिव्हरी झाली तेव्हा तो स्वतः ॲडमिट होता. माझ्या नवऱ्याने फोन लावला.

"मुलगा का मुलगी ते मंग सांगा, दाजी. टोचलं का?"

"टोचलं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

दादाने फोन ठेवला. वहिनी नंतर म्हणाली, तोंडावर टॉवेल घेऊन रडत होते.

सव्वा महिन्याची झाल्यावर आर्याला त्याच्याकडे घेऊन गेले. हात काडीसारखे झालेले, डोळे पिवळेजर्द. आईने तिला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"दूध पाजती का? डॉक्टर हो म्हणलेत, घाबरू नको."

"पाजते रे दादा."

"हिची टेस्ट कधी?"

"सगळे डोस झाल्यावर. वर्षाच्या आसपास."

तो बोटं मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

त्याच आठवड्यात गेला.

मी दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. आईलाही नेते. आम्हाला काहीच त्रास नाही, आणि दादालाही कितीतरी वर्षं काहीच त्रास नव्हता. म्हणून जाते.

तुम्हीही एकदा टेस्ट करून घ्या. साधी ब्लड टेस्ट आहे. निगेटिव्ह आलात तर लस घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिची टेस्ट आधी.

आणि कोणाचं लिव्हर गेलं ऐकलं, की लगेच बाटली शोधू नका. वहिनीला अजून गावात मान खाली घालून चालावं लागतं.

परवा आर्याचा रिपोर्ट आला. मी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "प्रदीपला सांग."

कुठे सांगू? म्हणून इथे.

दादा, ती निगेटिव्ह आहे. बाळाच्या अंगात काही नाही. आता पायाने चालायला लागलीय.

तू शांत झोप.

तुझी शीतल