खिशातल्या मुंग्या

कडुनिंबाच्या मोहराचा वास आला की मला मुंग्या आठवतात. गुजरातेत, गोत्रीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये केबल आली, त्याच वर्षी आमच्या ह्यांची साखर वाढलेली निघाली. पाडव्यापासून सकाळी बागेत चालायचं आणि फाटकापाशी मिळणारा कडुनिंबाच्या मोहराचा रस चैत्रभर प्यायचा, असं ह्यांनी ठरवलं. रिफायनरीतले ह्यांचे गुजराती मित्र तो दरवर्षी प्यायचेच. पण पाडव्याचं एक पान चावतानाही तोंड वाकडं करणारा हा माणूस रोज हसत घरी यायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात धुवायला काढलेल्या पायजम्याच्या खिशात मुंग्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मागे गेले, तर ह्यांनी ग्लासभर रस घटाघटा प्यायला आणि खिशातून गुळाचा सुपारीएवढा खडा काढून तोंडात टाकला. मी पुढे झाले. "अगं, पाडव्याला तूच नाही का गुळाबरोबर देत?" हे म्हणाले. "भाभी, अमे तो रोज ना कहीए छीए!" आम्ही तर रोज नको म्हणतो, असं सांगत ह्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या गुजराती मित्राने हात वर केले. आता साखर मला निघाली आहे. मी बागेतून परतले की हे चष्मा लावून माझ्या पर्समध्ये मुंग्या शोधतात. शोधू देत, मी गूळ घट्ट झाकणाच्या डबीतून नेते.