साडूंची वेलची

उभ्या नंदुरबार जिल्ह्यात माझ्या साडूंइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. गावी कळसाडीला त्यांचा ऊस आहे, कापूस आहे, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला गडी दचकावा. पण जीव चिमणीएवढा. पंख्याखाली ते बसत नाहीत, न जाणो निसटला तर! एसटीत चढले की आधी ड्रायव्हरला विचारणार, "झोप व्हयनी ना भाऊ?" लग्नाच्या पंगतीत आचारी कोण हे कळल्याशिवाय घास उचलत नाहीत. आणि हा असा माणूस बाटलीला मात्र कधी भ्यायला नाही. उलट ती घेतली की भीती पळते म्हणायचे. वास येऊ नये म्हणून वर मूठभर वेलची चावायचे. झालं काय, वेलचीचा घमघमाट सुटला की अख्खी गल्ली म्हणायची, आज आबांनी घेतलेली दिसते! कारण एरवी त्यांनी वेलचीला कधी हातही लावला नाही.

मग त्यांची सून बाळंतपणाला माहेरी, प्रकाशा गावाला गेली. नातू झाला. पेढ्यांच्या पाठोपाठ तिचा निरोप आला की आबांची सुटेल तेव्हाच बाळाला घेऊन येईन, आणि घेतलेली असेल तर इकडे बघायलाही येऊ नका. साडू शहाद्याला माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मास्तर, मन्हा नातू शे, आनी मी त्याले देखेल नही." मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही.

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी औषधं दिली, आपल्या मनानं एकदम बंद करू नका म्हणून दटावलं, आणि दारू सोडलेल्या लोकांची बैठक असते तिथं जा म्हणाले. बैठक शहाद्यातच होती. साडू खुर्चीवरून उडालेच. "शहादामा? तठे माले बैल बी वळखतस!" म्हणून नंदुरबारची बैठक ठरली. कोणी ओळखू नये म्हणून भर चैत्रात त्यांनी माकडटोपी घातली, वर काळा चष्मा. एसटीतला एकूण एक माणूस त्यांच्याकडेच बघत होता. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय आबा, तब्येत बरी नही का?"

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. गोल करून खुर्च्या मांडलेल्या. इथं फक्त स्वतःचं नाव सांगायचं, आडनाव-गाव काही नाही, असं तिथल्या प्रमुखांनी समजावलं. तेवढ्यात तोंडाला उपरणं गुंडाळलेले एक गृहस्थ आत आले, उपरणं सोडलं, आणि बघतो तो काय, साडूंचे व्याही! सुनेचे वडील! शहाद्यात कोणी ओळखेल म्हणून तेही नंदुरबारलाच यायचे.

दोघंही ताडकन उभे राहिले. आता व्याही समोर आल्यावर मानपान सुटतो होय? "याही, पहिले तुम्ही बठा." "नही नही, तुम्ही बठा." बैठक राहिली बाजूला. शेवटी व्याह्यांनी विचारलं, "तुम्ही अठे कसा काय?" साडूंनी क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं. "मास्तरले लई उनू. भलता पेतस हो!"

म्हणजे मला घेऊन आले म्हणे! मी जन्मात सोड्याच्या पुढे गेलेलो नाही. सगळा वर्ग माझ्याकडे मायेनं बघायला लागला. एकानं चहा पुढे केला. कप्पाळ! घेतला.

मग व्याही बोलायला उभे राहिले. कितीतरी वर्षांपासून ते इथं येत होते आणि आम्हा नातेवाइकांना पत्ता नव्हता. खाली बघत म्हणाले, "मन्ही पोर धाकली व्हती, तवय मन्हा तोंडना वास ली देखे, मंगच कडेवर ये. वास उना ते मायना मांगे दपी जाये."

आईमागे दडणारी ती पोर म्हणजे साडूंची सून. साडू उठले. "मास्तर पेतस नही," ते म्हणाले. "मी पेस." आणि नुसतं नाव सांगायचं सोडून त्यांनी वडलांचं नाव, गाव, सासुरवाडी, सगळं सांगून टाकलं. कोणी अडवलं नाही.

त्यानंतर दोघे व्याही एकाच एसटीनं, उघड्या तोंडानं जायला लागले. मधे साडू एकदा घसरले, पुन्हा डॉक्टर, पुन्हा बैठक. बाळ रांगायला लागलं तेव्हा कुठं आम्ही प्रकाशाला निघालो. दारात सून बाळाला कडेवर घेऊन उभी. साडू पायरीवर थांबले, वाकले आणि तिच्यापुढे तोंड उघडून म्हणाले, "हाऽऽ". एवढा मोठा सासरा! ती आधी लाजली, मग पुढे झाली, वास घेतला, आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. व्याह्यांनी खालून आपला हात लावला. मला रडू आवरलं नाही.

आता रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. "आज नही लिधी, मास्तर," एवढंच बोलून ठेवतात. उद्याचं तेही बोलत नाहीत, मीही विचारत नाही. पण फोनला जरा उशीर झाला की मी ताटावर बसत नाही. आज दिवे लागून बराच वेळ झाला, अजून आलेला नाही. मोबाइल मांडीवर घेऊन बसलोय, आणि खुर्ची मघाशीच पंख्याखालून बाजूला ओढून घेतली आहे.