सांतो तोमासचे दोन घोट

व्हियारिकाच्या शाळेत एदुविहेस बाईंनी उभी हयात टायपिंग शिकवलं. मग टाइपरायटर भंगारात गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "जावा या संगणकभाषेची परीक्षा पास झालात, तर संगणकाचा वर्ग तुमचा. नाहीतर भांडारात बसा." भांडारात खडू आणि झुरळं. बाईंना मुलं हवी होती, म्हणून पन्नाशीत त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

परीक्षा संगणकाच्या वर्गातच होती. तोंडी भाग मजेत गेला.

"ॲप्लेट म्हणजे काय?" परीक्षक काबान्यास सरांनी विचारलं.

"वेबपानात चालणारा छोटा प्रोग्रॅम. स्वतःचं घर नाही, ब्राउझरच्या घरी राहतो. घरजावईच म्हणा. आमच्याकडे एक आहे, त्यामुळे पाठ करावं लागलं नाही."

सर हसू दाबत म्हणाले, "आता प्रोग्रॅम लिहा. कीबोर्डवरून नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, मग आडनावाचं."

बाईंनी लिहिला, चालवला. नावाचं अक्षर देऊन एंटर दाबला, तर प्रोग्रॅमने आडनावासाठी थांबायची तसदीच घेतली नाही. रिकामीच जागा छापून मेला मोकळा! पुन्हा चालवला, तेच. बाईंच्या डोळ्यांपुढे झुरळं फिरू लागली.

उकाड्याने तहान लागली, तेव्हा त्यांनी तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंडगार चहाचा, पेला पुढे ओढला. त्यातल्या ‘माते’ नावाच्या पाल्यावर बर्फाचं पाणी ओतलं आणि आईने लावलेल्या सवयीने हात आवरला. पहिलं पाणी सांतो तोमास या संताचं. ते पाल्यात जिरेपर्यंत आपण तोंड लावायचं नाही.

पाणी जिरताना बघता बघता त्या ताठ बसल्या. इथेही आडनावाच्या आधी कुणीतरी रांगेत उभं होतं! एंटर. तो दाबला की त्याची न दिसणारी दोन अक्षरं मागे राहतात, आणि प्रोग्रॅम आडनाव म्हणून त्यातलंच एक उचलतो. बाईंनी मध्ये दोन ओळी घातल्या: एक अक्षर वाच, सोडून दे. आणखी एक वाच, तेही सोडून दे.

आता प्रोग्रॅम आडनावासाठी मुकाट्याने थांबला.

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "या दोन ओळी कुणासाठी?"

"सांतो तोमाससाठी, सर."

"त्याला एकच घोट पुरतो की."

"उन्हाळा किती आहे बघा ना!"

सर खो खो हसले आणि खुर्ची ओढून शेजारीच बसले. "बाई, वर्ग तुमचा. आता एक पेला इकडेही येऊ द्या."

बाईंनी डोळे पुसले आणि नव्या वर्गातला पहिला पेला भरला.