पेस्टो आणि विहीणबाईंचं नाक

आमच्या फ्रिजमध्ये हिरव्या चटणीची एक बरणी असते. सूनबाई तिला पेस्टो म्हणते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हातसुद्धा लावला नव्हता. वर तेलाचा थर, खाली हिरवा गाळ. मुलाला विचारलं, "ह्याच्यात हाय तरी काय?" तर कुंडीतली बेसिलची पानं, आपल्या सबजाच्याच जातीतली, शिवाय लसूण, तेल, किसलेलं चीज आणि भाजलेले काजू. काजू संपले की शेंगदाणे.

पानं धुऊन पंचावर कोरडी करायची, नाहीतर चटणी काळी पडते, हे मात्र मीच तिला सांगितलं. कोथिंबिरीचंही तसंच असतं ना. आता मी पेस्टो तांदळाच्या भाकरीला लावते, ती पास्त्याला लावते, मुलगा डब्यातल्या उकडलेल्या बटाट्याला. एकदा मी तो पापलेटात भरून तव्यावर टाकला, तर काय सांगू, ताटं चाटायची तेवढी बाकी राहिली.

तर सूनबाईला सातवा लागला होता. ती घाटावरच्या शाकाहारी घरातली, आईवडील तारापूरला कॉलनीत राहतात. बाळंतपणाला तिला आई हवी, ते बरोबरच. पण दवाखाना आमच्या बोईसरात, घराजवळ. विहीणबाई इथं येऊन राहिल्या तर नातवंड पहिल्या दिवसापासून माझ्या मांडीवर. नाहीतर सव्वा महिना कॉलनीत, आणि मी पाहुणीसारखी जाऊन बघून यायची. आणि विहीणबाई तर लग्न झाल्यापासून आमच्याकडं केळ्याशिवाय काही खात नव्हत्या. म्हणायच्या, "आज उपास आहे." रविवारी आल्या तरी उपास! मला काय कळत नव्हतं?

सूनबाई म्हणाली, "आई, मम्मी एकदा इथं पोटभर जेवली की राहील बघा."

मग काय, जवळा, सोडे, सुके बोंबील, सुक्या मासळीचे सगळे डबे पिशवीत भरून दातिवऱ्याला बहिणीकडं पाठवले. मिक्सरचं भांडं लिंबानं घासलं, उन्हात ठेवलं.

रविवारी विहीणबाई ताटावर बसल्या. सूनबाईनं सकाळीच ताजा पेस्टो केला होता. बरणीचं झाकण उघडलं आणि वास पहिला माझ्याच नाकात शिरला. जवळा! मी मुलाकडं पाहिलं. ह्याला जवळ्याशिवाय वरणभात उतरत नाही, ठेवला असणार मूठभर कुठंतरी लपवून. तर तोच माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. त्याला वाटलं, म्हातारीनं भांडं नीट घासलं नाही.

विहीणबाईंनी चमचा नाकाशी नेला आणि तसाच ताटात ठेवला. "विहीणबाई, खरं सांगा. यात काय आहे?"

"मला काय इचारता? तुमच्या लेकीनं केलाय."

"भांडं तर तुमचं आहे ना?"

मुलगा सावरायला मध्ये पडला. "अहो मम्मी, मस्त लागतो. आई तर पापलेटातसुद्धा भरते!"

झालं! "याच बरणीतला?" विहीणबाईंनी विचारलं.

"ती बरणी संपली कवाच," मी म्हटलं आणि मुलाकडं असं पाहिलं की त्यानं मान वर केली नाही.

सूनबाई उठली, फ्रिजमधून चीजचं पाकीट आणून आईच्या नाकाशी धरलं. "ह्याचा वास आहे, मम्मी. या वेळी वेगळं आणलंय. हा बघ हिरवा ठिपका." मीही हुंगलं. अगदी जवळाच! मला तर त्या ठिपक्याचाही संशय यायला लागला.

"दुधाला असा वास?" विहीणबाई म्हणाल्या. "तू आता इथलीच झालीस. यांचीच बाजू घेणार."

सूनबाईचे डोळे भरले. ते काही मला बघवेना. मी म्हटलं, "उठा विहीणबाई. तुमीच करा. आमी हात लावणार नाय."

त्या खरंच उठल्या. शेंगदाणे दिले, ते हुंगले. मिक्सरच्या भांड्याकडं बोट दाखवलं, "यात काय काय वाटता?"

"सगळं." खोटं कशाला बोलू? मग छोटा खलबत्ता काढून दिला. "ह्यात फक्त आलं-वेलची, चहाची." तोही नाकाशी गेला.

"मासळीचा चहा आमीपण नाय करत, विहीणबाई."

हसू आलं त्यांना, पण दाबलं. दाणे भाजले, पानं, लसूण, मीठ घालून कुटलं, तेल ओतलं. चीज नाहीच. मी पदर आवरून, हात मागं धरून उभी.

"तवा?"

"भाकरीचा वेगळा हाय."

मग जेवल्या. पहिला घास चिमणीचा. मी वरण वाढायच्या निमित्तानं तोंडाकडंच बघत होते. दुसरी भाकरी त्यांनी आपल्या हातानं घेतली. भूक लागली म्हणून, लेक रडली म्हणून, की खरंच आवडलं म्हणून, देव जाणे. मला अजून खात्री नाही.

हात धुऊन त्या सरळ सूनबाईच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. खिडकी उघडून बाहेरची हवा हुंगत होत्या.

"रात्री इथं केमिकल कंपन्यांचा वास येतो का हो?"

"येतो कधीमधी. खिडकी लावून घ्यायची."

"बाळ असणार," त्या म्हणाल्या, आणि खिडकीची कडी नीट बसते का ते ओढून ओढून बघत राहिल्या.