दोस्तीखात्यात पाठवलेला मिस्त्री

माझा धाकटा भाऊ फरशीचा मिस्त्री. नालवाडीतल्या कितीतरी घरांत त्याच्या हातची फरशी आहे. दोन सरकारांत करार झाला आणि युद्ध चालू असलेल्या एका देशात इथून मिस्त्री पाठवायचं ठरलं. नागपुरात तो भरतीची परीक्षा पास झाला, तेव्हा एका साहेबानं त्याच्या गळ्यात हार घातला. म्हणाला, "तू आता देशाचा दूत." मी शिकवते त्या शाळेत पेढे वाटले. आज त्या पेढ्यांची लाज वाटते.

तिकडे पोचल्यावर आठवडाभरात त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, बिल्डिंग अर्धवट हाये. भिंतीवर पेन्सिलीनं मापं लिहून हायेत, त्यायच्या लिपीत. पहिले सरहद्दीच्या कुंपणापलीकडची माणसं इथं काम करत. लढाई लागली अन् इथल्या सरकारनं एका दिवसात त्यायचं येणं बंद केलं. त्यायची चूल बंद पाडाले आमाले आणलं."

"मग परत ये ना!"

"पासपोर्ट मुकादमापाशी हाये."

एका सरकारनं शेजाऱ्यांची जिरवायला दार लावलं. दुसऱ्यानं दोस्ती दाखवायला आपली माणसं पाठवली. मध्ये माझा भाऊ.

तिसऱ्या महिन्यात रॉकेटचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला. मी वर्ध्याला कलेक्टर कचेरीत धावले. तिथला अधिकारी फाईल न उघडताच म्हणाला, "मॅडम, ते स्वखुशीनं गेले होते. आणि सध्या संबंध नाजूक आहेत, बोभाटा करू नका."

मी टेबलावर हात आपटला. "जाताना तो देशाचा दूत होता, अन् रक्त निघालं तर स्वखुशीचा झाला? काऊन बोभाटा नाई करू?"

सगळी कचेरी बघत राहिली. मी बाहेरच्या बाकावर बसले ती चार दिवस, त्याला परत आणायचं पत्र निघेपर्यंत.

तो आला. दोन बोटं आता वाकत नाहीत. फरशी बसवणं संपलं.

गेल्या महिन्यात पुन्हा भरतीचं शिबिर लागलं. अनुभवी कामगार म्हणून त्याला बोलायला बोलावलं. मी नको म्हटलं, तरी तो गेला. माईक हातात घेऊन एवढंच म्हणाला, "काम चांगलं हाये. पण ते दुसऱ्याच्या हातून हिसकावलेलं हाये, हे समजून जाजा." मंचावरच्या कोणीतरी माईक बंद केला.

रांगेतले दोघं-तिघं निघून गेले. बाकीचे उभेच राहिले. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी माईक बंद केला, ते अजून मंचावर बसले होते.