बाटलीताईंचा शेवटचा नमुना

गंजलेला बोल्ट दिसला की माझे हात शिवशिवतात. त्यातून त्या सकाळी बाटलीताई यायच्या होत्या, आणि आमच्या गल्लीतल्या तपासणीच्या विहिरीचं लोखंडी झाकण उघडताना त्यांचा दर वेळी घाम निघतो, हे मी बघत आलो होतो. म्हटलं, आपण जरा मदत करावी. माळ्यावरून डबा काढला, बोल्टवर थोडं ओतलं, मग आणखी थोडं ओतलं, आणि बोल्ट लोण्यातून निघावा तसा निघाला. मी शीळ घालत घरात आलो.

"कसला वास येतोय?" बायकोने विचारलं.

"रॉकेलचा. झाकणाचा बोल्ट सैल केला."

"कुठल्या झाकणाचा?"

सांगता सांगताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती विहीर पाणी भरायची नव्हतीच. मनगटाएवढा पाइप जमिनीत खोल गेलेला, आणि त्याला काम एकच. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी मागे गळली होती, तिच्यातलं पेट्रोल गल्लीखालच्या पाण्यात अजून आहे का, हे सांगण्याचं. अशा विहिरीच्या तोंडावर मी सढळ हाताने रॉकेल ओतलं होतं.

"शाबास," बायको म्हणाली. "आता लॉन्ड्रीवाल्यांना काय सांगणार?"

लॉन्ड्रीवाले आमचे शेजारी. टाकी गळल्यावर त्यांच्या अंगणातल्या बोअरला सील लागलं. तेव्हापासून ते साऱ्या गल्लीचे कपडे टँकरच्या पाण्यात धुतात आणि प्रत्येक शर्टाबरोबर पंपवाल्यालाही धुतात. इतक्यात मात्र ते गुणगुणायला लागले होते. पाण्याचे नमुने ओळीने स्वच्छ येत होते. हा शेवटचा स्वच्छ आला की सील निघणार, नाही आला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता बाटलीताई. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी विचारलंच नाही. बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन येतात, म्हणून बाटलीताई. अंगाने चिमणीएवढ्या, पण आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडची माणसं आपल्यालाच हाक आली समजून बाहेर येतात. नमुना घ्यायच्या दिवशी पावडर नाही, केसांना तेल नाही, अंगाला साबण लावायचा तोही बिनवासाचा. स्कूटरमध्ये पेट्रोल आदल्या दिवशी नवऱ्याने भरून ठेवायचं, कारण पंपावर नुसतं उभं राहिलं तरी वास हाताला लागतो आणि हातावरून बाटलीत उतरतो.

आणि नवरा कोण, तर सलूनवाला. म्हणजे चालतंबोलतं अत्तराचं दुकान.

लग्न जुळलं तेही अशाच एका विहिरीवर. ताई गुडघे टेकून काम करत होत्या आणि हा बघायला अगदी जवळ येऊन उभा राहिला. ताई मान वर न करता म्हणाल्या, "मागे सरका, तुमचा वास बाटलीत जाईल." हा गेला, आणि ओल्या केसांनी परत आला.

"पुन्हा आलात?"

"अंघोळ करून आलोय."

"कुठल्या साबणाने?"

हा पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काम आटोपून ताई चहा पीत होत्या, आणि त्याच्या अंगाला कसलाही वास नव्हता. "एका सकाळीत माझ्यासाठी दोनदा अंघोळ करणारा माणूस मला पुन्हा कुठे भेटणार होता, काका?" असं त्या मला सांगतात. आता नमुन्याच्या दिवशी नवरा-बायको एकाच घरातून एकमेकांना फोन करतात. तो आतल्या खोलीतून विचारतो, डबा घेतलास का. ही म्हणते, घेतला, पण मी जाईपर्यंत दार उघडू नकोस.

तर त्या आल्या. गल्ली नेहमीप्रमाणे जमलेलीच होती. दोन घरं अलीकडेच त्यांनी स्कूटर थांबवली, नाक वर केलं आणि विचारलं, "कोण आहे तो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने तर बोट दाखवलं.

"मी फक्त बोल्टला..."

"काका, तुम्ही कधी आग विझवायला गेला होतात का हो? पेट्रोल घेऊन?"

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या, की स्कूटर स्टँडला लावून सीटवर आडव्या झाल्या. त्यांचं बघून गल्ली हसली, गल्लीचं बघून मी. हसले नाहीत ते फक्त लॉन्ड्रीवाले. ते बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते.

"शेजारी," ते म्हणाले, "एवढीच मदत करायची होती, तर टँकरवाल्याचे पैसे द्यायचे होतेत."

"थांबा, रडू नका," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "झाकणाखाली पाइपला वेगळं रबराचं बूच आहे. ते घट्ट असेल तर काकांची मदत बाहेरच राहिली. नसेल, तर उद्यापासून टँकर काका ओढतील."

त्यांनी सगळं टिपून, धुऊन, पुसून काढलं, हातमोजे बदलले, बूच उघडलं आणि पाइपातलं साचलेलं पाणी उपसलं. मग लांब पारदर्शक नळी खाली सोडली आणि वर काढून उजेडात धरली. तेल असलं की पाण्यावर रंगीत वलयं दिसतात. लॉन्ड्रीवाल्यांनी डोळे झाकून घेतले. "मला सांगू नका," ते म्हणाले, आणि लगेच, "सांगा."

"वलय नाही. पुढचं लॅब सांगेल."

मग ज्यासाठी गल्ली जमते तो कार्यक्रम. बाटली काठोकाठ भरायची, पाण्याला फुगवटा आला की झाकण लावायचं, उलटी करून टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला की बाटली बाद, कारण पाण्यातलं पेट्रोल त्या हवेत निसटतं.

"आहे, आहे," गल्ली म्हणाली. पहिली बाद.

दुसरीला लॉन्ड्रीवाले चष्मा लावून पुढे वाकले. "डावीकडे काहीतरी हललं."

"तो तुमचा चष्मा हलला. मागे व्हा."

बुडबुडा नव्हता. गल्लीने टाळ्या वाजवल्या. शेवटी ताईंनी माझ्या डब्यातलंही थोडं रॉकेल घेतलं, वेगळ्या बाटलीत, वेगळ्या पेटीत. "लॅबवाल्यांना पेट्रोल आणि रॉकेल वेगळं ओळखता येतं. तुमचं पाप पंपवाल्याच्या माथी नको." मग कागदावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"'एका रहिवाशाने मदत केली.' समजतील ते. प्रत्येक गल्लीत एक असतो."

मधल्या दिवसांत लॉन्ड्रीवाले माझे शर्ट इस्त्री करून पाठवत, पण कॉलर मुद्दाम वाकडी ठेवत. तेवढा राग मी शर्टाबरोबर घालून घेतला.

आणि एका संध्याकाळी गल्लीत आधी सुगंध आला, मागून स्कूटर आली. ताईंच्या अंगावर सबंध सलून ओतलेलं, मागच्या सीटवर नवरा. पेट्रोल नाही, रॉकेल नाही, नमुना स्वच्छ. बरोबर सील लावणाऱ्या ऑफिसचा माणूस होता, त्याने सील काढलं. बोअरच्या पाइपातून आधी नुसती हवा खोकली, मग गढूळ पाणी, मग नितळ. लॉन्ड्रीवाल्यांनी पाइप हातात घेतला आणि पहिल्यांदा स्वतःला भिजवलं, मग सलूनवाल्याला, मग दिसेल त्याला. ऑफिसचा माणूस फायली डोक्यावर धरून पळाला. ताईंनी आपणहून धारेखाली डोकं घातलं. पहिल्या बादलीत काय धुतलं, तर माझा त्या दिवशीचा रॉकेलचा शर्ट.

त्या गोंधळात मला उगाच भरून आलं. केस पिळत उभ्या असलेल्या ताईंना मी म्हणालो, "ताई, आता तुमचं इकडे येणं संपलं. आमची आठवण येईल का?"

"रॉकेलचा वास आला की येईल."